माहेरघरच्या जेवणाचं दरपत्रक

प्रणित मोहुर्ले याला सरकारी खरेदीचे नियम तोंडपाठ होते. येरमगट्ट्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढे जे रामायण घडलं, त्याला एवढं एकच कारण पुरे आहे.

इतर केंद्रांतले बाबू साधा झाडू घ्यायचा म्हटलं तरी त्याला फोन करायचे. प्रणित डोळे मिटून सांगायचा, "दुसरं परिशिष्ट, खालून तिसरी ओळ." फोन ठेवल्यावर थोडा वेळ तो तसाच डोळे मिटून बसायचा. पण एवढी विद्या अंगात असून ती दाखवायला येरमगट्ट्यात वाव नव्हता. तिथं खरेदी होऊन होऊन होणार कशाची? फिनेलची. एकदा भिंतीवरच्या घड्याळाची खरेदी निघाली होती, पण तीन दरपत्रकं जमेपर्यंत जुनं घड्याळ आपोआप चालू झालं.

नोव्हेंबरात दिवाळी सरली, धानाची कापणी सुरू झाली आणि तालुक्याहून पत्र आलं. 'आपल्या केंद्राच्या माहेरघरातील भोजनव्यवस्था कोणत्या दरपत्रकांच्या आधारे सुरू आहे, याचा खुलासा करावा. आठ दिवसांत तीन बंद दरपत्रके मागवून सर्वात कमी दराच्या पुरवठादारास काम द्यावे. अन्यथा देयके मंजूर होणार नाहीत.'

माहेरघर म्हणजे केंद्राच्या मागच्या दोन खोल्या. नाल्यापलीकडच्या, जंगलातल्या टोल्या-वस्त्यांवरच्या पोटुशा बाया दिवस भरत आले की आठ-दहा दिवस आधीच तिथं येऊन राहतात. सोबत सासू असते, कधी मोठं पोर असतं, आणि घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून एखादी कोंबडीही असते. त्यांचं जेवण सरकारकडून. ते चार वर्षं सोनीबाई मडावीचा बचत गट करत होता. करार असा काहीच नव्हता. तेव्हाच्या डॉक्टरांनी "सोनीबाई, करता का?" विचारलं आणि सोनीबाई "करतो जी" म्हणाली, एवढ्यावर चार वर्षं चूल पेटत होती. प्रणितची बायको-मुलं पोंभुर्ण्याला. त्यामुळे त्याचा दुपारचा डबाही, रोखीनं का होईना, सोनीबाईकडूनच यायचा.

पत्र वाचून प्रणित मनातल्या मनात खूश झाला. इतक्या वर्षांनी त्याच्या विषयाचा पेपर आला होता.

तो तडक माहेरघराच्या स्वयंपाकखोलीत गेला. सोनीबाई सुपात तांदूळ पाखडत होती.

"सोनीबाई, तुम्ही एक दर लिहून द्यायचा. आणखी दोघं तुमच्या विरुद्ध दर भरतील. ज्याचा कमी, त्याला काम."

"माह्या इरुद्ध?" सोनीबाईचं सूप थांबलं. "काऊन? म्या का बिघडवलो कोनाचं?"

"काही नाही हो. स्पर्धा व्हायला पाहिजे, असा नियम आहे."

"भात कच्चा राह्यला का जी कधी?"

"नाही."

"मंग अंबाडी लय आंबट झाली असन."

"भाजीचा प्रश्नच नाही, बाई. प्रश्न पारदर्शकतेचा आहे."

हा पदार्थ सोनीबाईनं कधी केला नव्हता. तिनं सूप खाली ठेवलं. "तेंदूपत्त्याचा लिलाव होते, समजते मले. रेतीचा होते. पोटुशा पोरीच्या भाताचा लिलाव मांडता, बाबू?" असं म्हणून तिनं चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं, पदर खोचला आणि विळा घेऊन धानाच्या बांधीकडे निघून गेली.

त्या दुपारी प्रणितचा डबा आला नाही. नियमाप्रमाणे वागणाऱ्या माणसाला उपाशी राहावं लागतं हे त्यानं ऐकलं होतं, पण ते इतक्या लवकर, म्हणजे सव्वाच्या सुमारास घडतं, हे ठाऊक नव्हतं.

शेजारी लटारू गुरुजी राहत. नोकरीतून निवृत्त झालेले, सल्ल्यातून नाही. प्रणितचं तोंड बघूनच त्यांना विषयाचा वास आला.

"तीन दर पायजेत ना? सोपं हाय. माह्या ओळखीचा एक मानूस हाय, लांब राह्यते. त्याच्या टेबलाच्या एकाच खनात तीन दुकानाईचे लेटरहेड. दहा मिनिटांत तीन दर लिहून देते. अक्षर बदलून पायजे असन त त्याचे वेगळे घेते."

प्रणितची कानशिलं तापली. "गुरुजी, याला संगनमत म्हणतात!"

"आमी त्याले शेजारधर्म म्हनतो बापा," गुरुजी म्हणाले आणि आत जाऊन कढी-भात जेवायला बसले. वास इकडेपर्यंत येत होता.

शनिवारी प्रणित मोटारसायकल काढून अहेरीला गेला. बाजाराचा दिवस. पहिला हॉटेलवाला भज्यांचा घाणा काढता काढता ऐकत होता. अंतर किती, असं त्यानं विचारलं. प्रणितनं सांगितलं. "बाबू, डबा तिथी पोचतवर भाताची पेज होईन, अन् पेजेचं दही," तो म्हणाला आणि झारा झटकला. दुसऱ्यानं लेखी द्यायची तयारी दाखवली. त्यानं मोठ्या उत्साहानं कागद भरला, शिक्का मारला. बाहेर येऊन प्रणितनं पाहिलं तर दर शंभर प्लेट आलुवड्याचा होता, सोबत चटणी मोफत. तिसरा लग्नांची कंत्राटं घेणारा होता. त्यानं वही काढली. "मान्सं किती?"

"सध्या एक. आणि तिची सासू."

"अन् नवरदेवाकडचे?"

प्रणित येरमगट्ट्याला परतला तेव्हा त्याच्या अंगावर धुळीचा थर होता आणि पिशवीत एक किलो वांगी होती. आता ही वांगी का, ते सांगायला हवं. माहेरघरात त्या आठवड्यात तिघी होत्या. चूल विझल्यावर दोघी कापणीचं निमित्त काढून घरी गेल्या. तिसरी रंजीता. ती गेली नाही, कारण केंद्राच्या डॉक्टरबाई, डॉ. भाग्यश्री, यांनी तिला हात धरून बसवून ठेवलं होतं. रंजीताच्या अंगात रक्त कमी. गेल्या खेपेला तिला खाटेवर टाकून आणताना नाल्याच्या पाण्यानं चार तास अडवलं आणि बाळ हाती लागलं नाही. या वेळी ती दहा दिवस आधी, स्वतःच्या पायांनी आली होती. तिला परत जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच काम डॉक्टरबाईंना त्या आठवड्यात महत्त्वाचं वाटत होतं आणि ते त्यांनी प्रणितला दोनदा, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, सांगितलं होतं.

म्हणून रविवारी प्रणितनं स्वतः स्वयंपाक केला. पूर्ण शासकीय आहारतक्त्यानुसार. तांदूळ मापून, डाळ मापून, मीठसुद्धा ग्रॅमवर. तक्त्यात पाणी किती ते लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यानं ते घातलं नाही म्हणा ना. खालचा भात करपला, मधला कच्चा राहिला, आणि वांग्याच्या भाजीनं तर आपण कोण आहोत हेच शेवटपर्यंत कळू दिलं नाही. रंजीतानं दोन घास भिडेखातर खाल्ले. उरलेलं सासूनं अंगणातल्या कुत्र्यासमोर ठेवलं. कुत्र्यानं वास घेतला, प्रणितकडे पाहिलं आणि तो उठून दुसऱ्या सावलीत जाऊन बसला.

हे प्रणितच्या मनाला फार लागलं.

सासू फारशी बोलणारी नव्हती. भांडं घासून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबू, ज्या घरची चूल थंडी, तिथी पोटुशीले ठेवू नाई. बस्तरवारापर्यंत पेटली त ठीक. नाई त मी हिले नेतो." बस्तरवार म्हणजे गुरुवार. हातात चार दिवस होते. तोवर दोघींना डॉक्टरबाई आपल्या डब्यातलं देत राहिल्या.

आता मात्र प्रणित घाबरला. नियम चुकले तर कागद परत येतो, माणूस परत येत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण त्याच्या डोक्याची ठेवण अशी की घाबरल्यावर तो आणखी नियम शोधायचा. त्याला आठवलं: व्यापक प्रसिद्धी! फलकावर नोटीस लावून कोण वाचतं? दवंडी द्यायला हवी.

दवंडीला गावचा कोतवाल इसरू. प्रणितनं त्याला मजकूर वाचून दाखवला. "माहेरघर येथे दाखल गरोदर मातांना भोजन पुरवठा करणेकामी इच्छुकांनी आपापले दर बंद लिफाफ्यात बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत कार्यालयातील पेटीत टाकावेत."

इसरूनं मान डोलावली. "समजलं जी. एकडाव अजून वाचा." प्रणितनं वाचलं. "पुरं समजलं," इसरू म्हणाला आणि डफडं घेऊन निघाला. लांबून डफड्याचा आवाज येत राहिला, आणि प्रणितला किती दिवसांनी बरं वाटलं. शासन गावोगाव कसं पोचतं ते तो कानांनी ऐकत होता. इसरू काय ओरडतो, ते मात्र एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं.

बुधवारी दुपारपर्यंत पेटी भरली. मग ती उघडी ठेवावी लागली. मग लिफाफे खुर्चीवर ठेवावे लागले. गावच्या दुकानात साधे लिफाफे नव्हते, लग्नातले होते. गुलाबी, सोनेरी बॉर्डरचे, कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेले आणि वर 'शुभविवाह' छापलेले. चार वाजता प्रणितनं मोजले. एक्केचाळीस.

"मॅडम," तो म्हणाला, "जिल्ह्यात एवढी स्पर्धा कुठल्याच केंद्रात झाली नसेल."

उघडायला समिती बसली. डॉक्टरबाई, प्रणित आणि प्रतिष्ठित नागरिक म्हणून लटारू गुरुजी. इसरू दाराशी टेकून उभा. प्रणितनं तुलनात्मक तक्ता आखून ठेवला होता. अनुक्रमांक, नाव, प्रतिथाळी दर. त्यानं पहिला लिफाफा फोडला आणि वाचला.

"एक पायली तांदूळ. यंदाचाच हाय."

त्यानं कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. दुसरा लिफाफा. "लाकडं दोन भारे, बैलबंडीनं आनून टाकतो." तिसरा डोमाचा. डोमा गावतळ्यात मासे धरणारा. "मंगळवारी मासोळी माह्याकडून. काटेवाली नाई." चौथ्यात, "अंडे पाच. कोंबडी बसली नसन त सहा."

प्रणितची पेन्सिल 'प्रतिथाळी दर' या रकान्यावर तशीच उभी राहिली. "इसरू," तो हळूच म्हणाला, "तू दवंडी काय दिली?"

"तुमी सांगतली तेच. मोठ्या शब्दांतली होती, म्या लहान केली." इसरूनं घसा साफ केला. "माहेरघरी पोरगी आली हो! तिच्या जेवनासाठी कोन का देते ते लिफाफ्यात लिहून बुधवारी पेटीत टाका हो!"

"अरे, दर! दर मागवले होते! कोण काय देतो ते नाही, कोण किती रुपयांत करतो ते!"

इसरू दार सोडून पुढे आला. त्याला खरंच कळत नव्हतं. "बाबू, गावात लगन असो, बारसं असो, आपल्या इथी असंच विचारतेत ना? कोन का देते मनून. माहेरी आलेल्या पोरीच्या जेवनाचा भाव कोन लावते?"

लटारू गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. प्रणित पुढचे लिफाफे फोडत गेला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. हळद. गूळ. हिरव्या मिरच्या, 'कमी तिखट, पोटुशी बाईसाठी'. एका लिफाफ्यात म्हातारी पोचूबाई होती. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: "मी म्हातारी. घरी काई नाई. लेकराले रोज तेल लावून देईन."

नियमाप्रमाणे सर्वात कमी दर पोचूबाईचा होता. प्रणितला एकदम स्वतःची लाज वाटली आणि ती लपवायला त्यानं शेवटचा लिफाफा जरा जोरातच फाडला. तो सोनीबाईचा होता. अक्षर तिच्या नातीचं, शाळेतलं, गोल गोल.

"शिजवायचं काम माझं. दुसऱ्या कोणी शिजवायचं नाही. बाबूनं तर बिलकुल नाही."

डॉक्टरबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. प्रणितनं मात्र त्या नोंदीपुढे 'प्राप्त' असं लिहिलं आणि तो उठून सोनीबाईच्या बांधीवर गेला. धानाच्या पेंढ्या बांधत ती वाकलेली होती.

"बाई, चुकलं माझं," तो म्हणाला. नोकरीत त्यानं हे वाक्य कधी वापरलं नव्हतं, कारण त्याला परिशिष्ट नव्हतं.

"जेवला का?" सोनीबाईनं विचारलं.

"तुमचा डबा थांबल्यापासून नाही. तसं म्हणजे."

"चाला मंग."

त्या संध्याकाळी माहेरघराची चूल पेटली. रंजीता दोनदा भात घेऊन जेवली. सासूनं बांधलेलं गाठोडं सोडलं आणि त्यातली कोंबडी बाहेर काढली.

इथं गोष्ट संपली असती, पण सरकारात गोष्टी जेवणावर संपत नाहीत. प्रणितनं दोन दिवस खपून तुलनात्मक तक्ता तयार केला आणि एक्केचाळीस लिफाफे पिशवीत घालून तालुक्याला गेला. लेखा शाखेचे साहेब कागद नाकाजवळ धरून वाचणारे होते. त्यांनी दोन तास वाचलं.

"तीन मागवली होती. एक्केचाळीस का?"

"आली, साहेब."

"क्रमांक सत्तावीस. कोंबडी. जिवंत की शिजवून? खुलासा नाही. क्रमांक नऊ, 'भोपळा, मोठा झाला की'. मोठा म्हणजे किती? आणि या लिफाफ्यांना चिकटलेले एक्केचाळीस रुपये कोणत्या शीर्षाखाली जमा केले?"

"अजून सुटले नाहीत, साहेब. डिंक चांगला आहे."

"आणि दर? एकानंही दर लिहिला नाही!"

प्रणितच्या तोंडाशी नियमाचा क्रमांक आला होता. पण बाहेर निघालं ते वेगळंच. "साहेब, ते माहेर आहे ना. तिथं आलेल्या पोरीच्या जेवणाचा भाव लावत नाहीत. मी दवंडी देऊन गावभर भाव विचारला. मला कोणी शिवीसुद्धा दिली नाही. तांदूळ दिले. पण सोनीबाई रोज पहाटे चूल पेटवते, तिच्या गटाच्या बाया पाणी भरतात, ते फुकट घेणं मला जमणार नाही. तिचे पैसे मिळायलाच पाहिजेत. तुम्ही कलम सांगा, नाहीतर मी इथंच बसतो."

साहेबांनी कागद नाकापासून दूर नेला. एवढ्या लांबून ते पहिल्यांदाच काहीतरी बघत होते. मग त्यांनी टेबलावरची एक फाइल उघडली. दर तिमाहीला जिल्ह्याला जायचा तक्ता होता. त्यातला 'लोकसहभाग' हा रकाना गेली तीन वर्षं कोरा होता आणि त्याबद्दल साहेबांना दर तिमाहीला बोलणी खावी लागत होती.

"मोहुर्ले," साहेबांचा आवाज मऊ झाला, "ही दरपत्रकं नाहीतच. हा लोकसहभाग आहे. एक्केचाळीस कुटुंबं! आणि दवंडी देऊनही कोणी दर दिला नाही, म्हणजे स्पर्धक नाही. कारण नमूद करा, आणि आहे त्याच गटाला आहे त्याच दरानं वर्षभर चालू ठेवा. हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. तिसरं परिशिष्ट."

प्रणितला ते ठाऊक होतं. पाठ होतं. पहिल्याच दिवशी आठवायला हवं होतं, एवढंच. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या. रंजीता मोकळी झाली होती. मुलगी, पावणेतीन किलो, आणि रडतेय कशी, ऐका. त्यांनी फोन बाळाजवळ धरला. प्रणितनं तो साहेबांच्या कानाला लावला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मंजुरीवर सही केली. एक्केचाळीस रुपये सोडवून चलनानं भरण्याची अट तेवढी कायम ठेवली.

पाचव्या दिवशी रंजीताला सुट्टी झाली. गाडी आली, सामान चढलं, कोंबडी चढली. पोचूबाईनं बाळाला शेवटचं तेल लावलं. पण सासू काही गाडीत बसेना. ओसरीत उभी राहून वाट बघत होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

"काही राहिलं का?" प्रणितनं विचारलं.

"माहेराहून सून रिकामी नेत नाईत, बाबू," सासू म्हणाली. "भाऊ लुगडं नेसवते, शिवेपर्यंत पोचवते. मंग आमी नेतो. हिचं माहेर इथी. भाऊ कोन हाय ते सांगा."

सोनीबाईनं प्रणितकडे पाहिलं. इसरूनं पाहिलं. डॉक्टरबाईंनीही पाहिलं, आणि त्या जरा जास्तच हसत होत्या. प्रणितनं मागे वळून पाहिलं, पण मागे भिंत होती.

तो कार्यालयात गेला, पाकीट घेतलं आणि चालत दुकानात गेला. दुकानदारानं एक हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं, आणि भाव सांगितला. भाव जास्त होता हे प्रणितला कळत होतं. त्यानं दुसरं दुकान विचारलं नाही, इथं घासाघीसही केली नाही. पैसे दिले आणि पावती न घेता पळत परत आला.

रंजीतानं लुगडं अंगावरच्या पातळावरूनच गुंडाळून घेतलं. मग गाडी पुढे हळूहळू आणि मागून बाळाला घेऊन रंजीता, तिच्या बाजूला प्रणित, अशी वरात शिवेवरच्या मोहाच्या झाडापर्यंत गेली. बाळाकडे बघून तो म्हणाला, "लसीची तारीख विसरू नका."

रंजीता इतके दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. गाडीत चढताना ती वळली.

"येतो, दादा," ती म्हणाली. "पुढच्या दिवाळीले न्यायला या."

गाडी नाल्याकडे उतरून दिसेनाशी झाली तरी प्रणित तिथंच उभा होता. दिवाळीला रजा टाकायची, तर अर्ज आत्ताच द्यायला हवा होता.